एका अक्षरातली घंटी

तुटक्या अंगठ्याची चप्पल तिने मास्तरांच्या कीबोर्डवर आपटली. कुठलंतरी बटण तिच्याखाली दबून राहिलं आणि पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एकच अक्षर ओळीने उमटत गेलं.

“माझ्या सासूबाईंची आहे,” ती म्हणाली. “काल दुपारी तुमच्या ड्यूटीत त्यांनी लिफ्टच्या दारावर बडवून बडवून तोडली. राहू द्या तुमच्याकडे. आठवण म्हणून.”

मास्तरांनी चष्मा वर सरकवला. आधी चपलेकडे बघितलं, मग तिच्याकडे. दोन बोटांनी चप्पल उचलून त्यांनी कीबोर्डच्या कडेला ठेवली आणि आलेली अक्षरं एकेक करून पुसायला लागले. या माणसाची संथ चाल तिला कधीच सोसली नव्हती. आज तर तळपायाची आग मस्तकात गेली.

“मी बघत होतो, ताई. दर दहा मिनिटांनी बघत होतो. काही आलं नाही.”

“पाऊण तास म्हातारी बाई आत घंटी दाबतेय, आणि काही आलं नाही?”

“नाही आलं.”

“झोपला होतात तुम्ही.”

खोलीतल्या बाकीच्यांनी आपापल्या पडद्यांत डोकी घातली. शहरभरच्या जुन्या लिफ्टांची देखभाल करणाऱ्या कंपनीची ही कंट्रोल रूम. लिफ्टमध्ये कोणी घंटी दाबली, कुठे दार अडकलं, की इथल्या सर्व्हरवर एक ओळ येऊन पडते. भिंतीवर एक मोठा रंगीत नकाशाही होता, पाहुणे आले की तो दाखवायचा. एरवी तो गोठलेला असे, म्हणून माणसं काळ्या खिडकीत हुकूम टाईप करून ओळी शोधत आणि सापडली की मेकॅनिकला पाठवत. मास्तर पूर्वी खरोखरच शाळामास्तर होते. शाळा बंद पडली, ते इथे आले, आणि येताना एका बोटाने टाईप करायची सवय तेवढी घेऊन आले. तिलाही इथे नाव होतं. तोंडावर सगळे ताई म्हणत आणि मागे टकटक, कारण तिची बोटं चालायला लागली की शेजारच्याला फोनवर बोलता येत नसे.

आवाज ऐकून साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांना सगळे भोंगा म्हणत. हळू कसं बोलतात ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

“काय चाललंय? मास्तर, कालची यादी काढा. आत्ताच्या आत्ता दूध का दूध होऊन जाऊ दे.”

मास्तरांनी घंट्या शोधायचं ‘बी’ टाईप केलं, कालची तारीख घातली. ओळी आल्या. बाजारामागच्या इमारतीतली घंटी, दवाखान्यातल्या लिफ्टची, आणखी कुठल्या कुठल्या. तिच्या इमारतीची एकही नव्हती.

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. “हं. म्हणजे घंटी दाबलीच नाही. आजी घाबरल्या असतील. घाबरून पंख्याचं बटण दाबत बसल्या असतील. वय झालं की होतं असं.”

“माझ्या सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्ड सांभाळलाय, साहेब. घंटी कुठली आणि पंखा कुठला ते त्यांना तुमच्यापेक्षा बरं कळतं.”

“मग ओळी कुठे गेल्या?”

तिने मास्तरांकडे बघितलं. डोक्यात जे आलं ते जिभेवर यायला वेळ लागला नाही.

“सगळ्या शहराच्या ओळी आहेत आणि आमच्याच तेवढ्या नाहीत. अशा आपोआप जातात का ओळी? यांनी पुसल्यात. झोपेत चुकल्या आणि जाग आल्यावर पुसल्या.”

कोणीतरी खुर्ची सरकवली. मास्तरांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही.

“मला पुसता येत असतं, ताई, तर तुमच्या शिकवणीत मी नापास झालो नसतो.”

“चोराच्या उलट्या बोंबा,” ती म्हणाली.

साहेबांना आता प्रकरणाची चव आली होती. सर्व्हरवरची नोंद पुसणं म्हणजे साधी चूक नव्हे, हे त्यांनी तीन प्रकारे सांगितलं. उद्या सकाळी चौकशी. ताईंनी पुरावा आणावा. खरं निघालं तर मास्तरांनी उद्याच ओळखपत्र टेबलावर ठेवून घरी जावं. आणि ती चप्पल कोणी हलवू नये, असू दे तिथेच.

“आणते पुरावा,” ती म्हणाली.

या वयात मास्तरांना दुसरीकडे कोण उभं करणार होतं, हे खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिलाही होतं. पण काल नणंदेकडे सामान हलवायला म्हणून तिने एक दिवस सुट्टी घेतली काय आणि तेवढ्यात हे घडलं काय, या विचाराने तिच्या आत असं काही उकळत होतं की कीव करायला जागाच उरली नव्हती.

खरं तर ‘बी’ तिचंच अपत्य. ती इथे लागली तेव्हा घंटी शोधायचा हुकूम हातभर लांब होता. कुठल्या फायलीत बघायचं, तारीख कोणती, घंटीचा सांकेतिक शब्द काय, मेकॅनिकांनी चाचणीसाठी पाठवलेल्या ओळी कशा गाळायच्या, सगळं दर वेळी अक्षरन् अक्षर लिहायचं. एक चिन्ह चुकलं की यंत्र रुसून बसे. प्रत्येकाने तो हुकूम कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला होता. तिने पहिल्याच महिन्यात त्याला टोपणनाव ठेवलं. त्या यंत्रात तशी सोय असते: लांबलचक हुकमाला एखादं छोटं नाव द्यायचं, आणि मग तेवढं नाव घेतलं की मागचा सगळा हुकूम आपण होऊन चालतो. ‘बी’ म्हणजे बेल. ‘डी’ म्हणजे अडकलेलं दार. आणि ‘एच’ म्हणजे होम, तिच्या स्वतःच्या इमारतीची लिफ्ट तेवढी. सकाळी खुर्चीत टेकली की पर्स खाली ठेवायच्या आधी ती ‘एच’ दाबून बघे. घरी सासूबाई एकट्या असत. पडदा कोरा दिसला की मग ती ‘बी’कडे वळे आणि शहराचं काम सुरू होई.

गेल्या महिन्यात साहेबांनी तिच्या पाठीशी उभं राहून हे पाहिलं आणि आठवड्याभरात ती ‘कार्यक्षमता योजना’ झाली. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते तिला बसल्या जागी बघायला मिळालं. तिची अक्षरं सगळ्यांच्या मशिनवर चढवली गेली. साहेबांनी विचारलं होतं, हे ‘एच’ काय आहे, तेही चढवू का? ती म्हणाली होती, “ते माझं घरचं आहे. ते नको.”

त्याच बैठकीत मास्तरांनी हात वर केला होता, शाळेत करतात तसा.

“या एका अक्षरात काय काय आहे, तेवढं सांगाल का? लांब हुकूम लिहिताना निदान दिसायचं, आपण काय मागतोय ते.”

“मास्तर, गाडी चालवायला इंजिन उघडून बघावं लागत नाही,” ती म्हणाली होती. सगळे हसले होते. मास्तरांच्या पडद्याच्या कडेचा कागद साहेबांनी स्वतःच्या हाताने काढला होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा लिफ्टला ‘बंद’ची पाटी होती. पाच मजले चढून वर पोचेपर्यंत तिने मास्तरांना मनातल्या मनात आणखी दोनदा नोकरीवरून काढलं होतं.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. काल वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने चपलेचा आवाज ऐकला म्हणून त्या बाहेर निघाल्या, नाहीतर सुनेची वाट बघत रात्रीपर्यंत तिथेच राहिल्या असत्या. आज दिवसभर त्या खाली उतरल्या नव्हत्या.

“काढलं का त्याला?” त्यांनी विचारलं.

“उद्या काढतील.”

“नुसतं काढू नका म्हणावं. आधी त्याला त्या डब्यात बसवा, दिवा घालवा, आणि घंटी दाबायला सांगा. आम्ही बोर्डवर होतो तेव्हा दिवा लागला की हात जायचाच. जेवणाचा घास तसाच ठेवून जायचा. आणि हा शहाणा आरामात बसून राहिला.”

“ऑफिसात म्हणतात, घंटी आलीच नाही.”

सासूबाईंनी मान वळवली. “कोण म्हणतं?”

“मशीन म्हणतं. एकही ओळ नाही.”

“हे बोट बघ,” त्या म्हणाल्या आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. पेराला सूज होती. “हे मशीनला दाखव.”

तिने बोट बघितलं. नंतर जे विचारलं ते तिला विचारायचं नव्हतं. दिवसभर साहेबांचा भोंगा कानात वाजत होता, त्यातलंच काहीतरी बाहेर पडलं.

“आई, अंधारात चुकून पंख्याचं बटण तर नाही ना दाबलंत?”

सासूबाईंनी बोट मागे घेतलं. उठल्या, खिडकी लावली, कडी नीट बसली का ते बघितलं. भांडायला लागल्या असत्या तर बरं झालं असतं. या घरात भांडण झालं की तासाभरात मिटत असे, तशी सवयच होती दोघींना.

“मी घाबरले नव्हते गं,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पहिली दहा मिनिटं तर मुळीच नाही. शेजारणींना मी नेहमी सांगते, या लिफ्टची घंटी आमच्या सुनेच्या टेबलावर वाजते. मला वाटलं, तू बघतेयस.”

“काल माझी सुट्टी होती, आई. तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं. पण घंटी तर तुझीच ना.”

एवढं बोलून त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. तिने ओट्यावरची भांडी इतक्या जोरात घासली की नवरा येऊन विचारून गेला, काही फुटलं का.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचली. मास्तरांच्या टेबलावर चप्पल तशीच होती, सोल वर, तुटका अंगठा लोंबता. ती बाजूला सारून तिने त्यांचं मशीन सुरू केलं आणि ‘बी’ दाबून परवाची तारीख घातली. शहर आलं, तिचं घर आलं नाही. ज्या अर्थी पुसलंय त्या अर्थी कुठेतरी खूण असणार, म्हणून तिने फाईल शेवटची कधी बदलली ते काढलं. कोणी हात लावल्याची खूण नव्हती. तिला आणखी संताप आला. मास्तर वाटतात तेवढे भोळे नाहीत, किंवा मग लिफ्टची पेटीच मेलेली आहे आणि मेकॅनिक झाकपाक करतायत.

तिने पान्याला फोन लावला. पाना म्हणजे त्यांचा सगळ्यात जुना मेकॅनिक. खिशात कायम एक पाना, म्हणून नावही तेच. तो त्या वेळी तिच्याच इमारतीत, त्याच लिफ्टमध्ये उभा होता.

“पेटी खराब आहे का? खरं सांग. माझ्याशी चालूगिरी नको.”

“पेटी ठणठणीत आहे, ताई. लिफ्ट मध्येच थांबत होती, ते दुरुस्त केलं. घंटी मी स्वतः दाबून बघितली.”

“आत्ता दाब, चाचणीची खूण न लावता. मी बघतेय.”

तिने फोन स्पीकरवर ठेवला आणि मास्तरांच्या मशिनवर ‘बी’ दाबलं. आजची यादी आली. तिची इमारत नव्हती.

“दाबलीस का?”

“दाबली की.”

“नाही आली. पुन्हा दाब.”

“दाबतोय.”

“नीट दाब रे. पंखा नाही, घंटी.”

“ताई, मी वीस वर्षं बटणंच बसवतोय,” पाना म्हणाला. “इथे लाल दिवा लागतोय. म्हणजे तुमच्याकडे गेली.”

तिने मास्तरांच्या मशीनला एक चापट मारली. मास्तरांसारखंच ढिम्म. मग ती उठून आपल्या टेबलाशी गेली, आपलं मशीन चालू केलं, आणि रोज सकाळी करते तेच बोटांनी केलं. पर्स अजून खांद्यालाच होती. तिने ‘एच’ दाबलं.

ओळ आली. तिच्याखाली दुसरी, तिसरी. पाना दाबत होता आणि ओळी येत होत्या, जिथल्या तिथे, वेळेसकट.

ती खुर्चीत बसली. परवाची तारीख घातली. पडदा भरला. घंटी, घंटी, घंटी. सुरुवातीला अंतर राखून, एखादी समजूतदार बाई दार वाजवते तसं. मग जवळजवळ. मग एकीला लागून एक, पानभर. मध्येच मोठी फट, तेव्हा बहुधा चप्पल हातात घेतली असावी. मग पुन्हा एक. शेवटपर्यंत अधूनमधून एकेक होती.

एकही ओळ कोणी पुसली नव्हती.

तिने ‘बी’ उघडलं. उघडायचं म्हणजे यंत्राला विचारायचं, या नावामागे काय आहे. हातभर लांब हुकूम समोर आला, तिनेच रचलेला. फाईल, तारीख, सांकेतिक शब्द, चाचणीच्या ओळी गाळणं. आणि सगळ्यात शेवटी, शेपटाला, तिच्या इमारतीचा नंबर आणि त्याला लावलेलं वगळायचं चिन्ह.

तेव्हाचं आठवायला फार मागे जावं लागलं नाही. घरची घंटी ‘एच’मध्ये येई आणि ‘बी’मध्येही येई. एकच ओळ दोनदा दिसे आणि दोनदा काळजात धस्स होई. म्हणून तिने घर ‘बी’मधून बाहेर काढलं होतं. घरावर वेगळी नजर, सगळ्यांत आधी, रोज. त्यात चूक कुठे होती? ती खुर्चीत असेपर्यंत कुठेच नव्हती.

राग अजून होताच, फक्त त्याला आता मालक मिळेना. भोंग्याने न वाचता उचललं, हे खरं होतं. नक्कल करायच्या आधी मला विचारायला काय झालं होतं, हेही तिने स्वतःशी म्हणून बघितलं. पण त्याने विचारलं होतं. आणि मास्तरांनी तर हात वर करून विचारलं होतं. तिचे कान तापले. सासूबाईंना पंख्याचं बटण विचारलेलं आठवलं आणि तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

हे शेपूट छाटायला वेळ लागणार नव्हता. सर्व्हरवरची मूळ प्रत तिच्याच हातात होती. इथे बदललं की सगळ्यांकडे बदलणार. मग ‘बी’ दाबलं की घर दिसलं असतं, परवाचंसुद्धा. ओळी आहेतच, परवा मास्तरांना दिसल्या नाहीत आणि काल यादी काढतानाही त्यांच्या एका बोटाने काहीतरी चुकवलं, एवढंच. आणि न दिसण्याचा दोष ज्याची ड्यूटी त्याचा. पुसण्याचा आरोप तिने मोठ्या मनाने मागे घेतला असता. झोपेचा राहिला असता. पुरावा म्हणून याहून पक्कं काही लागलं नसतं.

कर्सर शेपटाच्या टोकाशी लुकलुकत होता. तिची बोटं कीबोर्डवर होती आणि टकटक होत नव्हती.

दार उघडलं. आधी साहेबांचा आवाज आत आला, मागून साहेब. त्यांच्यामागे मास्तर, इस्त्रीचा शर्ट घातलेले, हातात ओळखपत्र. गळ्यात घालायची दोरी त्यांनी नीट गुंडाळून घेतली होती. बाकीचेही एकेक करून येत होते आणि आज कोणी कोणाला सुप्रभात म्हणत नव्हतं.

“चला, वेळेत संपवू,” साहेब म्हणाले. “ताई, पुरावा आणलात? मास्तर, तुम्ही तिथे उभे रहा.”

मास्तर आपल्या टेबलाशी जाऊन उभे राहिले. चपलेकडे न बघायचा ते प्रयत्न करत होते.

ती उठली. हुकूम होता तसा, शेपटासकट, पडद्यावर ठेवून उठली. मास्तरांच्या टेबलापर्यंत गेली, चप्पल उचलली. सगळ्यांना वाटलं, आता ही पुन्हा आपटणार. मास्तर किंचित मागे सरले, आणि ते तिने पाहिलं.

ती परत आपल्या टेबलाशी आली आणि चप्पल आपल्या कीबोर्डवर ठेवली.

“हे काय?” साहेबांनी विचारलं.

“मास्तर, बसा तुम्ही,” ती म्हणाली. स्वतः उभीच राहिली. “साहेब, इकडे या. चष्मा लावून या. हे पूर्ण वाचायचं आहे, शेवटपर्यंत.”

मास्तर बसले नाहीत. ओळखपत्र हातात तसंच धरून ते तिच्या पडद्यापाशी आले आणि एक बोट हुकमाखालून सरकवत अक्षरं लावायला लागले, अगदी सावकाश. तिने त्यांना घाई केली नाही.

मास्तरांच्या टेबलावर तिचा फोन अजून सुरूच होता. तो बंद करायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

“ताई,” लिफ्टमधून पान्याचा वैतागलेला आवाज आला, “बोट दुखायला लागलं. दिसतंय का काही? की अजून दाबू?”

“दिसतंय,” ती म्हणाली.